कोल्हापूर जिल्ह्यात शिकारीला कोणत्या बोअरची रायफल चालते? (पीक संरक्षण परवाना, रानडुक्कर, गवा)

कडगावकर

मंडळी, नमस्कार. भुदरगड तालुक्यात कडगाव बाजूला आमची शेती आहे. नदीकडेला ऊस, वर माळाला भुईमूग, थोडी नाचणी. भुईमुगाला शेंगा भरल्या की डुकरं उतरतात. ज्यांनी बघितलं नसेल त्यांना सांगतो, डुक्कर शेंगा खुडत नाही, नाकाडानं सरी उलटी करतं. सकाळी गेलं की वाफाच्या वाफा नांगरल्यासारखा दिसतो, वेल सुकलेले, आणि शेंगांची टरफलं ओल्या मातीत तुडवलेली. कळपात पिल्लं असतील तर एका रात्रीत अर्धा एकर जातं.

माझ्या चुलत्यांच्या नावावर पीक संरक्षणाची बारा बोरची (बोर किंवा बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) एकनळी बंदूक आहे, परवाना जुना. चुलते आता सत्तरीच्या पुढं आहेत, त्यांना रात्रीची राखण होत नाही. आता गावात तीन माणसं तीन गोष्टी सांगतात. एक म्हणतो, बारा बोअरच्या छऱ्यानं डुक्कर पडत नाही, जखमी होऊन अंगावर येतं, .३१५ रायफल घ्या, आपल्या जिल्ह्यात शिकारीला ती चालते. दुसरा म्हणतो .३०-०६ सुद्धा मिळते, गव्याला तीच लागते. तिसऱ्याचं म्हणणं, .२२ घ्या, तिला परवानाच लागत नाही.

कुठल्या जनावराला कुठला बोअर असा काही नियम जिल्ह्यात किंवा राज्यात आहे का? जाणकारांनी सविस्तर सांगावं. ऐकीव माहिती नको, ती गावात भरपूर आहे.

वकील_गडहिंग्लज

कडगावकर, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. या एका गैरसमजापायी चांगल्या घरची माणसं कोर्टाच्या पायऱ्या चढताना मी बघितली आहेत. जरा लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

सरळ उत्तर असं की कोल्हापूर जिल्ह्यातच काय, महाराष्ट्रात कुठंही ‘शिकारीला चालणारा बोअर’ अशी यादी नाही, कारण शिकारच चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ९ नं शिकारीला बंदी आहे. ‘शिकार’ म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. मारणं, विष घालणं, पकडणं, फासा लावणं, हाका घालून जनावर उठवणं, आमिष ठेवणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न, सगळं त्यात येतं. हत्यार कुठलं होतं याला तिथं महत्त्व नाही. गोफणीनं मारलं तरी शिकार आणि .३१५ नं मारलं तरी शिकारच.

मग बोअरची भानगड येते कुठून? ती दुसऱ्या कायद्यातून, म्हणजे १९५९ च्या शस्त्र कायद्यातून. तो कायदा ठरवतो की कुठलं हत्यार कोणाला आणि कशासाठी बाळगता येईल. त्या हत्यारानं कुठलं जनावर मारता येईल हे तो सांगत नाही. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात.

शस्त्र कायद्याचं कलम १३ बघा. पीक संरक्षणासाठी कायद्यानं पहिला मान ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीला दिलाय. ठासणीनं भागणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते, नळी किमान २० इंचांची. तुमच्या चुलत्यांची बारा बोर या वाटेनं आलेली असणार. त्यात रायफलचा, म्हणजे आत पेच असलेल्या नळीचा, उल्लेखच नाही. .२२ रायफल आणि एअर रायफल यांचा उल्लेख पुढच्या उपकलमात आहे, तोही मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला निशाणेबाजीच्या सरावासाठी. तेव्हा .२२ ला परवाना लागत नाही असं सांगणाऱ्या माणसाचा सल्ला घेऊ नका. बिनपरवाना बंदूक सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षांची आणि ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

.३१५ किंवा .३०-०६ चा परवाना मिळूच शकत नाही असं नाही. ते बोअर प्रतिबंधित नाहीत. पण मग सबळ कारण दाखवावं लागतं आणि ते पटणं न पटणं अधिकाऱ्याच्या हातात असतं. .३०३ वगैरे लष्करी बोअर प्रतिबंधित आहेत, ते विषय सोडूनच द्या.

आता महत्त्वाचं. परवान्यावर ‘पीक संरक्षण’ लिहिलंय म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली, असं नाही. डुक्कर मारायला वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली लेखी आदेश लागतो. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिच्यात सहाच्या चार अनुसूची (कायद्याला जोडलेल्या याद्या) झाल्या आणि रानडुक्कर आता अनुसूची २ मध्ये आहे. अनुसूची २ मधलं जनावर माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झालं असेल, आणि मालमत्तेत उभं पीक धरलेलं आहे, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून, क्षेत्र ठरवून, लेखी परवानगी देऊ शकतो. ती हातात असेल तरच बार काढायचा.

गव्याचा विचारसुद्धा करू नका. गवा अनुसूची १ मध्ये आहे. तिथं पिकाच्या नुकसानीसाठी मारण्याची तरतूदच नाही. माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा जनावर बरं न होण्याइतकं जखमी-आजारी असेल, आणि पकडून किंवा बेशुद्ध करून हलवणं शक्य नसेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक स्वतः आदेश देतात. अनुसूची १ च्या गुन्ह्याला किमान ३ वर्षे आणि ७ वर्षांपर्यंत कैद आहे.

श्टुटगार्टचा_पाटील

मी मूळचा इचलकरंजीचा, गेली बरीच वर्षं जर्मनीत आहे. वकीलसाहेबांनी जे सांगितलं त्याची उलट बाजू मी इथं रोज बघतो, म्हणून लिहितो.

इथल्या शिकार कायद्यात बोअरचा नियम खरोखरच आहे. रो जातीच्या लहान हरणासाठी गोळीची ताकद १०० मीटरवर किमान १००० ज्यूल हवी. रानडुक्कर, लाल हरीण अशा मोठ्या जनावरांसाठी बोअर किमान ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवर २००० ज्यूल. इंग्लंडमध्येही हरणासाठी साधारण .२४० च्या खालची रायफल चालत नाही, अगदी लहान जातींना थोडी सूट आहे. हेतू हाच की जनावर तडफडू नये, एका गोळीत पडावं.

पण हा नियम आधी शिकारी परीक्षा, मग शिकारीचा परवाना, मग ठराविक रानाचा हक्क, हंगाम, आणि त्या रानातून किती जनावरं काढायची याचा आराखडा, या सगळ्यानंतर येतो. कुणी व्हिडिओ बघून ‘डुकराला अमुक बोअर लागतो’ असं म्हणत असेल तर ते त्या देशाचं खरं असेल, भुदरगडचं नाही. गावात असे व्हिडिओ फार फिरतात, माझ्या भावानंच मला एक पाठवला होता.

ऊसवाला_कागल

एक शंका. एअरगनला तर परवाना लागत नाही ना? मग ससा, तितर, लावा यांना काय अडचण? आमच्याकडं पोरं सर्रास मारतात.

वकील_गडहिंग्लज

अडचण तीच, कलम ९. ससा अनुसूची २ मध्ये आहे. परवाना लागतो की नाही हा शस्त्राचा प्रश्न झाला. ०.१७७ पर्यंतच्या बोअरची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअरगन परवान्याशिवाय ठेवता येते, २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे. त्याच्या वर गेली की परवाना. पण सशाला ती लावली की गुन्हा झाला. वर ती एअरगन, मोटरसायकल, बॅटरी, जे काही वापरलं ते सरकारजमा होतं. पोरांना आजच सांगा.

दुधाळी_रेंज

मी कोल्हापुरात नेमबाजी शिकवतो. बोअरबद्दल थोडं सांगतो, कारण आकडे ऐकून लोक भलतंच समजतात.

.२२, .३१५, .३०-०६ हे इंचातले व्यास. .२२ म्हणजे साधारण ५.६ मिमी, .३१५ म्हणजे ८ मिमी. .३०-०६ मधला ०६ हा १९०६ साल आहे, अमेरिकी सैन्यानं ते काडतूस घेतलं ते वर्ष. बारा बोरचा हिशोब निराळा. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले तर त्यातला एक गोळा ज्या नळीत बसेल ती बारा बोर, म्हणजे सुमारे साडेअठरा मिमी. म्हणून सोळा बोर ही बारा बोरपेक्षा लहान असते.

.३१५ आपल्याकडं इतकी का दिसते? .३०३ हे सैन्याचं काडतूस होतं. सैन्याच्या दारूगोळ्यातून चोरलेलं काडतूस बाहेरच्या बंदुकीत बसू नये म्हणून इंग्रजांनी लष्करी बोअर लोकांना बंद केला. मग लोकांसाठी वेगळा, लष्करी नसलेला बोअर म्हणून .३१५ आली; पुढं ती बंगालात इशापूरच्या कारखान्यातही बनू लागली. स्वातंत्र्यानंतरही तीच पद्धत राहिली. तेव्हा .३१५ ही शिकारीला मुद्दाम मान्य केलेली रायफल आहे, हे खरं नाही. सैन्याची नाही, एवढंच तिचं वैशिष्ट्य.

कडगावकर, कायदा क्षणभर बाजूला ठेवतो आणि शिकवणारा म्हणून बोलतो. तुमच्या शिवारात रायफल आणू नका. बारा बोरचे छरे काही शे मीटरमध्ये दम टाकतात. .३१५ ची गोळी चुकली तर दोन किलोमीटरच्या पुढंही जाऊ शकते. आपल्याकडं वस्त्या विखुरलेल्या, उसात पाणी पाजायला रात्री माणूस उभा असतो, तोडकऱ्यांच्या खोपी फडाच्या कडेला असतात. रात्री बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकले म्हणून घोडा ओढला, आणि मागं कोण आहे हे दिसलंच नाही, असं होतं. रेंजवर आम्ही पोराला पहिल्या दिवशी शिकवतो की निशाण्याच्या मागं काय आहे ते दिसल्याशिवाय बोट घोड्यावर जायचं नाही. रेंजवर मागं मातीचा बांध असतो. शेतात काय असतं?

कोल्हापूरचं नाव रायफलमध्ये ज्यांनी मोठं केलं ती माणसं .२२ वरच खेळली. तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (झोपून नेम धरायचा प्रकार) जगज्जेतेपद मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य आणलं. त्या प्रकारात दहाचं वर्तुळ १०.४ मिमी असतं, पन्नास मीटरवर. ज्याला बंदुकीची खरी ओढ आहे त्यानं क्लबात यावं. तिथं वय, वकूब, पैसा सगळंच काही ना काही लागतं, पण वाट सरळ आहे. राहीनं (सरनोबत) पिस्तुलात आशियाई सुवर्ण मिळवलं २०१८ ला, तीही याच गावची.

चंदगडी

सगळ्यांचं वाचलं. कायदा कळला. आता माझं ऐका.

आमच्याकडं काजू, रताळं, भात, ऊस. २००२ च्या सुमारास कर्नाटकातनं हत्ती आले, तेव्हापासनं चंदगड-आजऱ्याच्या माणसानं झोप सोडलीय. हत्ती आला की नारळ, केळी, मेसकाठी, जे पुढं येईल ते मोडतो. गवा उसात बसतो, कळपच्या कळप. डुकराचं तर बोलायलाच नको. हत्तीला कुणी हात लावा म्हणत नाही. आमच्या घरात त्याला गणपती म्हणतात, आई अजून लांबनं हात जोडते. पण डुकराला परवानगी मागायला मी एका कचेरीत गेलो तर तिथनं दुसऱ्या कचेरीत पाठवलं, तिथं म्हणाले अर्ज टाईप करून आणा, नकाशा जोडा, सातबारा जोडा. सगळं जोडलं. उत्तर येईपर्यंत भात कापून झालं होतं आणि जे राहिलं होतं ते डुकरांनी नेलं होतं.

वर निवडणूक लागली की बंदुका जमा. आचारसंहिता पिकाचा हंगाम बघून लागत नाही. आमच्या शेजाऱ्याची ठासणीची बंदूक ऐन सुगीत ठाण्यात होती. नुसता बार काढला तरी डुकरं पळत होती, तेही गेलं. मग माणूस तारेत करंट सोडतो. मी त्याचं समर्थन करत नाही. पण तो त्या टोकाला का जातो, याचं उत्तर कायद्याच्या कलमात नाही, ते त्याच्या बांधावर आहे.

दाजीपूर_पायवाट

चंदगडी दादा, तुमचा राग रास्त आहे आणि तो इथं कुणी खोडून काढू नये. कचेरीतली दिरंगाई हा खरा रोग आहे. पण करंट आणि फासा याबद्दल मला बोलू द्या, कारण मी राधानगरीच्या रानात वनखात्याच्या लोकांबरोबर हिंडते.

डुकरासाठी लावलेला फासा म्हणजे बहुतेक वेळा मोटरसायकलच्या क्लचची तार. झुडपाच्या बुंध्याला बांधलेली, वाटेत गुडघ्याच्या उंचीला गोल सोडलेली, वर वाळकी पानं. दिवसा जवळून गेलं तरी दिसत नाही. त्यात डुक्कर अडकेलच असं नाही. बिबट्या अडकतो. त्याच्या कमरेला तार बसते आणि जितका ओढतो तितकी ती कातड्यात शिरते. मी बघितलेल्या एका जागी झुडपाची साल हातभर उंचीपर्यंत नखांनी सोललेली होती आणि माती खोलगट झाली होती. भेकर अडकतं, साळींदर अडकतं, गावातलं कुत्रं अडकतं. करंटच्या तारेत तर माणसं जातात, बऱ्याचदा तार लावणाऱ्याच्याच घरातली किंवा भावकीतली. मग तो वन्यजीवाचा गुन्हा राहत नाही, सदोष मनुष्यवधापर्यंत जातं. कणकेच्या गोळ्यातले गावठी बॉम्ब लावतात, ते गाई-म्हशींच्या तोंडात फुटतात.

दाजीपूरचं गवा अभयारण्य १९५८ चं, राज्यातल्या पहिल्या काही अभयारण्यांत त्याची गणना होते. आज ते साधारण ३५१ चौरस किलोमीटर आहे. ज्या गव्यासाठी ते राखलं तो आता शेतात येतो, हे आमच्या कामाचं यश आहे आणि शेतकऱ्याचं दुखणंही. रानातलं गवत कमी झालंय, घाणेरी आणि रानमोडी माजलीय, पाणवठे उन्हाळ्यात आटतात. उसात सावली, पाणी आणि चारा एकाच जागी मिळतो. डिसेंबर २०२१ मध्ये गवा थेट कोल्हापूर शहरात फिरला, ते सगळ्यांना आठवत असेल. बोअरनं यातलं काही सुटत नाही.

बंदूक असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. अभयारण्यात शस्त्र घेऊन जायला आधी लेखी परवानगी लागते, कलम ३१. राधानगरीहून फोंडा घाटाकडं जाणारा रस्ता अभयारण्यातून जातो. परवानाधारक माणूस पाहुण्याकडं बंदूक घेऊन निघाला आणि वाटेत अडवला गेला, तर परवाना दाखवून सुटका होईल या भ्रमात राहू नये.

वकील_गडहिंग्लज

ताईंनी चांगलं आठवून दिलं. त्याला जोडून कलम ३४. अभयारण्यात किंवा त्याच्या सीमेपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं वन्यजीव अधिकाऱ्याकडं शस्त्राची नोंद करायची असते. त्या १० किलोमीटरच्या टापूत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही, आणि नूतनीकरणाचीही त्यांना माहिती द्यावी लागते. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, चांदोलीच्या कडेची गावं, यांतल्या कित्येक जुन्या परवानाधारकांनी ही नोंद केलेलीच नसते. कोल्हापूर जिल्ह्यापुरता ‘स्थानिक नियम’ म्हणून काही दाखवायचं झालंच तर मी हा दाखवीन.

जुना_राजवाडा

शिकारीचे नियम आपल्याकडं कधीच नव्हते असं कुणाला वाटू नये म्हणून थोडा इतिहास.

कोल्हापूर संस्थानात शिकार हा दरबारी रिवाज होता. शाहू महाराजांच्या काळात चित्ते बाळगले जात, त्यांना काळविटावर सोडत. देशातले चित्ते सरत चालल्यावर कोल्हापूरच्या दरबारानं आफ्रिकेतून चित्ते आणवले होते. चित्ता सांभाळणारे, त्याला शिकवणारे लोक इथं होते. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं आजही बघायला मिळतात. आज ज्याला आपण अभयारण्य म्हणतो, ते दाजीपूरचं रान दरबारनं शिकारीसाठी राखलं, म्हणून बरंचसं टिकलं.

संस्थान विलीन झाल्यावर मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य प्राणी व पक्षी संरक्षण कायदा लागला, त्यात शिकारीचे परवाने होते. १९७२ चा केंद्राचा कायदा आला तेव्हाही सुरुवातीला परवान्यानं शिकार होती, आणि तिथं हत्याराचे नियम होते! मोठी शिकार रायफलीनंच करायची, बंदूक वापरायची तर परवान्यात तसा खास उल्लेख आणि एकच गोळी असलेलं काडतूस. रात्री शिकार नाही, मोटारीतून नाही, पाणवठ्यावर दबा धरून नाही. ही सगळी कलमं १९९१ च्या दुरुस्तीनं वगळली, कारण परवान्याची शिकारच बंद केली. आजोबांच्या तोंडून ‘डुकराला रायफल लागते’ असं ज्यांनी ऐकलं असेल, त्यांच्या आजोबांचं त्या काळापुरतं बरोबर होतं.

ऊसवाला_कागल

मग केरळात डुकरं कशी मारतात? बातम्यांत वाचलं होतं.

वकील_गडहिंग्लज

केरळनं २०२२ मध्ये कलम ११ चाच अधिकार खाली उतरवला. ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांना मानद वन्यजीव रक्षकाचा दर्जा देऊन, पीक खाणाऱ्या डुकराला मारायचा आदेश काढायची मुभा दिली. मारायचं परवानाधारक बंदूकवाल्यानं. विष, स्फोटक, करंट याला सक्त मनाई.

दुसरी वाट कलम ६२ ची. केंद्र सरकार अनुसूची २ मधलं जनावर ठराविक भागासाठी, ठराविक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर करू शकतं. २०१५-१६ मध्ये उत्तराखंडात रानडुक्कर, बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, हिमाचलात माकडं, अशा अधिसूचना निघाल्या होत्या.

माझं मत विचाराल तर केरळची वाट बरी. आदेश तालुक्यात, आठवड्याच्या आत निघाला पाहिजे. चंदगडींसारख्या माणसाला भात कापून झाल्यावर उत्तर मिळणार असेल, तर कलम ११ पुस्तकातच राहिलं म्हणायचं. ग्रामसभेचे ठराव करून आमदार-खासदारांकडं हीच मागणी लावून धरा. ‘बंदुका द्या’ या मागणीपेक्षा ‘आदेश वेळेत द्या’ ही मागणी जास्त उपयोगाची आहे.

दाजीपूर_पायवाट

आणि पंचनामा. नुकसान झालं की त्याच दिवशी वनरक्षकाला फोन करा, फोटो काढा, पावलं आणि विष्ठा पुसू नका, सरी बुजवू नका. पंचनाम्याआधी वाफा नीट केला की पुरावा गेला. भरपाई अपुरी असते हे मान्य आहे, पण नोंदी झाल्याशिवाय त्या गावात त्रास आहे हे कागदावर येत नाही, आणि कागदावर नसेल तर कलम ११ चा अर्जही लंगडा पडतो. सौरकुंपण गटानं घेतलं तर परवडतं. त्यातला झटका क्षणभराचा असतो, जीव घेत नाही. खांबावरची लाईन तारेला जोडणं म्हणजे सौरकुंपण नव्हे, हे मात्र घरोघरी सांगायला हवं.

चंदगडी

ताई, सौरकुंपणाखाली गवत वाढलं की करंट जमिनीत उतरतो. महिन्याला खालनं साफ करावं लागतं. आम्ही चार घरांनी मिळून केलंय, पाळीनं गवत काढतो. डुक्कर थांबलंय. गवा थांबत नाही, तो शिंगानं खांब वाकवतो. वकीलसाहेबांची आठवड्याची मुदत मला पटली. पुढच्या ग्रामसभेत मांडतो. ठरावाचा मसुदा कुणी लिहून देईल का?

वकील_गडहिंग्लज

मी देतो. निरोपात गावाचं नाव, गट नंबर आणि मागच्या दोन हंगामांचे पंचनामे असतील ते पाठवा.

कडगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार. रायफलीचा विषय आमच्या घरापुरता संपला. आज चुलत्यांचा परवाना काढून वाचला. क्षेत्राच्या रकान्यात फक्त तालुक्याचं नाव आहे, वर्षाला किती काडतुसं घ्यायची तेही लिहिलंय, हे आम्ही कधी वाचलंच नव्हतं. आता एवढंच सांगा, चुलत्यांची बंदूक माझ्या नावावर होईल का? आणि आदेश मिळाला आणि डुक्कर पडलं, तर त्याचं मटण? गावात पहिला प्रश्न तोच येणार.

वकील_गडहिंग्लज

बंदूक वारसाहक्कानं आपोआप येत नाही, पण २०१६ च्या नियमांत वारसाला परवाना द्यायची तरतूद आहे. परवानाधारक वारला असेल तर, किंवा तो हयात असताना त्यानं सत्तरी गाठली असेल किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं असेल तर, कायदेशीर वारसाच्या नावे अर्ज करता येतो. तुमच्या चुलत्यांचं वय त्यात बसतं. मात्र पुतण्या कायदेशीर वारस ठरतो का हे त्यांच्या मुलाबाळांवर अवलंबून आहे, तेव्हा आधी घरात बोला, बाकीच्यांचं ना-हरकत घ्या, मग जिल्हाधिकारी कचेरीच्या गृह शाखेत जा. तुमचं गाव अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत येतं का ते वनखात्याकडून लेखी घ्या, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. परवाना तुमच्या नावावर होईपर्यंत ती बंदूक तुम्ही हातात धरायची नाही, चुलते शेजारी उभे असले तरी.

मटणाबद्दल कलम ३९ आहे. कलम ११ च्या आदेशानं मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ता असतं. ते ताब्यात आलं की ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं. वाटे घालायचे नाहीत.